पानाचा मेणाचा अंगरखा

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपला गट, आपल्या गप्पा’ या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज सुरुवातीलाच एक काम सांगते. घराच्या मोरीमागं अळू असेल तर एक पान तोडून आणा. अळू नसेल तर कोबीचं वरचं हिरवं पान घ्या. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि पान जरा कललं की घरंगळून जातो. आपण म्हणतोच ना, अळवावरचं पाणी. आता त्याच पानावर दुसऱ्या जागी बोटानं जोरात चोळा आणि तिथे थेंब टाका. थेंब पसरतो आणि पान ओलं होतं. पान तेच, पाणीही तेच. मग मध्ये काय बदललं?

पानावर मेणाचा अगदी पातळ थर होता, तो तुमच्या बोटानं निघाला.

आज मी या मेणाबद्दल बोलणार आहे. याच मेणाबद्दल माहीत नसल्यामुळे आमच्या गटाचं मोठं नुकसान झालं, आणि ती चूक माझी होती. म्हणून ती मीच सांगायला हवी.

आधी हे मेण काय आहे ते बघू. गटातल्या एका आक्कांची मुलगी दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बनी संयुगांचा धडा आहे. तिनंच मला समजावलं, ‘ताई, कार्बनचे मणी एकाला एक ओवले आणि प्रत्येक मण्याला हायड्रोजन जोडला, की त्या माळेला अल्केन म्हणायचं.’ माळ जेवढी लहान तेवढा पदार्थ हलका. एकाच मण्याचं मिथेन, म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला जळणारा वायू. तीन आणि चार मण्यांचे प्रोपेन आणि ब्युटेन, ते आपल्या सिलिंडरमध्ये असतात. त्याहून लांब माळा पेट्रोलमध्ये, आणखी लांब रॉकेलमध्ये. वीस-तीस मण्यांच्या माळा झाल्या की त्यांचं घट्ट मेण होतं, आपल्या मेणबत्तीसारखं.

आता गंमत ऐका. झाडंही अशा लांब माळा ओवतात. आपल्या तुळशीपासून कोबीपर्यंत बहुतेक पानांच्या अंगावर हे मेण असतं, आणि त्यात अल्केन आणि त्यांची भावंडं असतात. कोबीच्या पानावर 29 मण्यांची माळ जास्त असते. तिचं नाव नोनाकोसेन. झाडाच्या माळांमध्ये 27, 29, 31, 33 असे विषम आकडेच जास्त सापडतात. झाड दोन-दोन मणी जोडत माळ वाढवतं आणि शेवटी एक मणी काढून टाकतं, म्हणून आकडा विषम राहतो. आहेराचं पाकीट भरताना आपण वर एक रुपया घालून आकडा विषम करतो. झाड एक काढून घेऊन तेच करतं.

हे मेण झाडाच्या दोन कामांना येतं. पहिलं काम म्हणजे आतलं पाणी आत ठेवणं. वैशाखाच्या उन्हात पान तग धरतं त्यात या मेणाचा मोठा वाटा आहे. दुसरं काम म्हणजे बाहेरचं पाणी बाहेर ठेवणं. बुरशीचे कण हवेत सगळीकडे तरंगत असतात आणि पानावरही बसतात. पण बी जसं ओल मिळाल्याशिवाय रुजत नाही, तसा बुरशीचा कणही ओल मिळाल्याशिवाय सहसा रुजत नाही. मेणामुळे थेंब घरंगळून जातो, त्याच्याबरोबर धूळ जाते आणि बरेचसे कणही जातात. उरलेल्यांना ओल मिळत नाही. म्हणून मी याला पानाचा अंगरखा म्हणते.

आता आमची गोष्ट.

आमचं गाव डोंगराच्या कडेला आहे. अडुळसा बांधाबांधावर आहे, तुळस आम्ही बायकांनी मुद्दाम लावली. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं वाळलेली पानं मागितली. दिवाळीआधी माल द्यायचा होता आणि 3,000 रुपये उचल मिळाली होती. चौदा जणी तयार झाल्या. गटाच्या अंतर्गत कर्जातून 5,000 रुपये काढून आम्ही जाळ्या आणि पोती घेतली. भाद्रपदात आठवडाभर पानं तोडली, साधारण 400 किलो ओला पाला.

माल स्वच्छ दिसावा असं मला वाटत होतं. मी मोबाइलवर कुठंतरी बघितलं होतं की कोमट पाण्यात पानं चोळून धुतली की लवकर वाळतात. मी सगळ्यांना तसंच करायला लावलं. घमेल्याघमेल्यानं पाणी तापवलं, पानं चोळून काढली. एक मावशी म्हणाल्याही, ‘अगं, पान किती मऊ पडलंय बघ.’ मी म्हटलं, ‘मावशी, स्वच्छ झालंय.’

त्याच संध्याकाळी पाऊस लागला. पानं समाजमंदिरात आणली. जागा कमी, म्हणून ढीग केले. दोन दिवस पाऊस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर आतून ऊब लागली. मग आम्ही ती पसरली, वाळवली, हाताला कोरडी लागली तशी प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरून तोंडं शिवून टाकली. वाळून 80 किलो माल झाला, बारा पोती.

तीन आठवड्यांनी व्यापाऱ्याचा माणूस आला. पहिलं पोतं उघडलं आणि कुबट वास आला. पानांवर पांढरी आणि हिरवट पूड. बारांपैकी सात पोत्यांत बुरशी निघाली.

त्या दिवशी जे बोलणं झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आमच्या सर्वांत वयस्कर आक्का म्हणाल्या, ‘अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्याला बुरशी कशी लागेल? औषधी पाला आहे तो.’ दुसरी म्हणाली, ‘तुळस घरातली हवा शुद्ध करते, ती कशी सडेल?’ आणि तिसरी हळूच म्हणाली, ‘ताई, झटकून, उन्हात टाकून, चांगल्या पोत्यांत मिसळून देऊ. कोणाला कळणार आहे?’

तिला मी दोष देत नाही. तिच्या घरी मुलाची फी भरायची होती. पण या दोन्ही बोलण्यांना उत्तर द्यायला हवं होतं आणि त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हतं. नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंना विचारलं, वाचलं, तेव्हा समजलं. तेच आता सांगते.

पहिलं, औषधी पाल्याला बुरशी कशी लागली? अडुळशात खोकल्यावर काम करणारं द्रव्य आहे, त्याला वॅसिसिन म्हणतात. तुळशीच्या वासात युजेनॉल असतं, तेच लवंगेतही असतं. ती द्रव्यं आपापलं काम करतात. पण त्यामुळे ओला पाला सडायचा थांबत नाही. झाडावर असताना पानाला त्याच्या जिवंतपणाचं आणि अंगरख्याचं राखण होतं. तोडल्यावर जीव गेला, आणि कोमट पाण्यात चोळून मी अंगरखाही काढला. चोळल्यानं पानाचा रस बाहेर आला, त्या रसात साखर असते. ढिगाला वारा नव्हता. ओल, खाऊ आणि ऊब या बुरशीला हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी मी तिला दिल्या.

तुम्ही विचाराल, मग अंगरखा काढणं वाईटच का? तसंही नाही. सांगली-तासगावकडे बेदाणा करतात तो बघा. द्राक्षावर पांढरट लव दिसते तेही मेणच. ते असतं तोवर द्राक्षातलं पाणी बाहेर पडायला फार दिवस लागतात. म्हणून तिथले शेतकरी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यानं मेणाचा थर सैल होतो आणि पाणी भराभर निघतं. पण पुढचं लक्षात घ्या. ते लगेच द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर पातळ पसरतात, वारा आरपार जाईल अशी. त्या हंगामात हवा कोरडी असते. त्यातही अवकाळी पाऊस आला की त्यांच्याही तोंडचं पाणी पळतं.

म्हणजे मोबाइलवरची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. ती अर्धी होती. अंगरखा काढला की त्याच क्षणी वारा हवा. वारा देता येणार नसेल तर अंगरख्याला हात लावू नये.

दुसरं, झटकून का विकायचं नाही? कारण बुरशी दिसते ती वरची पूड. काही बुरशा आत विष सोडतात. त्यातल्या एकाचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाव घालतं. झटकून जात नाही, उन्हात टाकून पुरतं जात नाही, आणि आपल्या रोजच्या शिजवण्यानंही ते नष्ट होत नाही. 1974 साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत अवेळी पावसानं भिजलेला मका लोकांनी खाल्ला. घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. तोच मका खाल्लेली कुत्रीही मेली. मैत्रिणींनो, ती आपल्यासारखीच माणसं होती. टाकून देणं परवडत नव्हतं म्हणून त्यांनी तो मका खाल्ला.

आणि आपला पाला कोण घेणार होतं? खोकल्यानं बेजार झालेलं म्हातारं माणूस, नाहीतर लहान लेकरू. आधीच आजारी असलेल्या माणसाच्या काढ्यात आपण बुरशी घालायची का?

आम्ही सातही पोती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली. टाकताना नाकाला ओला फडका बांधला, कारण ती पूड छातीत जाते. एकीनं विचारलं, गुरांना घालू का? तेही नाही. गाभण गाय असो की दुभती, बुरशीचा चारा तिला अपायच करतो आणि ते विष दुधातही उतरतं.

व्यापाऱ्यानं चांगली पाच पोती घेतली, उचल वळती केली, हातात फार थोडं आलं. जाळ्यांचं कर्ज आम्ही आठ महिने फेडत होतो. बैठकीत मी सांगितलं की चोळून धुवायला मीच लावलं होतं. कोणी काही बोललं नाही. मग त्याच वयस्कर आक्का म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी कसं करायचं ते सांग.’ त्यांच्या त्या एका वाक्यावर गट टिकला.

दुसरी एक छोटी गोष्ट. त्याच वर्षी आम्ही घरापुरता बाम केला होता. मधमाशीचं मेण, खोबरेल, कापूर, निलगिरीचं तेल. मधमाशीच्या मेणातही अल्केन असतात, साधारण सातवा हिस्सा. तो बाम वर्षभर टिकला. मग एका मैत्रिणीला वाटलं, त्यात कोरफडीचा ताजा गर घातला तर आणखी गुणकारी होईल. बारा दिवसांत डबीत काळे ठिपके आले. मेण तेच होतं. नव्यानं आलं ते पाणी. मेणात आणि तेलात जंतूंना पाणी मिळत नाही म्हणून ते वाढत नाहीत. ओलं काही घातलं, किंवा ओलं बोट डबीत घातलं, की त्यांचं फावतं. आणि हो, असा बाम औषध म्हणून विकायचा असेल तर परवाना लागतो. परवाना नसताना लेबलं लावून बाजारात बसू नका.

काही जंतू मात्र असे आहेत की जे अल्केनच खातात. डिझेलच्या टाकीच्या तळाला पाणी साचलं तर तिथे चिकट थर धरतो. ते डिझेल खाणारे जंतू असतात, पण त्यांनाही तळाचं ते पाणी लागतंच. समुद्रात तेल सांडलं तर ते खाऊन संपवणारे जंतू समुद्रातच असतात. आणि आपल्या शेतात आपण बिव्हेरिया फवारतो ना, ती एक बुरशी आहे. किडीच्या अंगावरही लांब अल्केनचा मेणकट थर असतो. बिव्हेरिया तो थर पचवत किडीच्या अंगात शिरते. म्हणूनच दुकानदार सांगतो की संध्याकाळी, हवेत ओलावा असताना फवारा. तिथे ओल आपल्या कामाची, गोदामात तीच ओल आपल्या मुळावर. गोबरगॅसमध्ये तर जंतूच आपल्यासाठी मिथेन बनवतात. जंतू आपले वैरीच असतात असं नाही. कुठे वाढू द्यायचे आणि कुठे नाही, एवढं आपल्याला कळायला हवं.

आणखी एका गोष्टीपासून सावध करते. मध्यंतरी एका पुड्यावर मी वाचलं, ‘आमच्या वनस्पतीत अमुक अल्केन सापडलं आहे, म्हणून ती जंतुनाशक आहे.’ वाचून भारी वाटतं. पण लांब अल्केन जवळजवळ प्रत्येक पानाच्या मेणात असतात, कोबीतसुद्धा. ते सापडले म्हणजे ती वनस्पती औषध ठरली असं होत नाही. त्यांचं काम आडोशाचं. शिवाय प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत अर्क टाकल्यावर जंतू वाढायचे थांबले, म्हणजे तो अर्क पिऊन माणूस बरा होईल असंही नाही. ताटलीत रॉकेल ओतलं तरी बरेच जंतू वाढणार नाहीत, म्हणून आपण रॉकेल पितो का? खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर काढ्यावर बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या.

आता पुढच्या वेळी कसं करायचं, ते आक्कांनी विचारलं होतं. आम्ही गेल्या हंगामात असं केलं. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

एक. पाला पावसात तोडायचा नाही. पाऊस संपल्यावर, सकाळी दव उडून गेल्यावर तोडायचा. टोपलीत दाबून भरायचा नाही, पान चुरगळलं की रस सुटतो.

दोन. धुवायचं तर फांदीसकट, गार स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढायचं. चोळायचं नाही. फांद्या उलट्या टांगून पाणी निथळू द्यायचं.

तीन. सावलीत, जमिनीपासून वर, जाळीवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर एक पदरी पसरायचं. खालून वारा लागला पाहिजे. रोज दोनदा हलवायचं. जागा जेवढी असेल तेवढाच पाला तोडायचा. आम्ही आता पाळी लावली आहे, एका दिवशी चौघींचाच माल.

चार. पाच किलो ओल्या पाल्याचा साधारण एक किलो झाला पाहिजे. दीड किलो भरला तर खूश होऊ नका, आत अजून पाणी आहे. पान मुठीत कुरकुरलं पाहिजे आणि देठ वाकायच्या ऐवजी कटकन मोडलं पाहिजे. चांगल्या वाळलेल्या पानात शंभर भागांत दहा-बारा भागांहून जास्त ओल नसावी.

पाच. भरण्याआधी परीक्षा घ्यायची. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर पानं घालून झाकण घट्ट लावायचं आणि बरणी दोन-तीन तास उन्हात ठेवायची. काचेला आतून धुकं धरलं तर माल पुन्हा जाळीवर.

सहा. उन्हातून आणलेला माल गरम असताना भरायचा नाही. थंड होऊ द्यायचा, मग भरायचा. पोती भिंतीला टेकवायची नाहीत, खाली लाकडाची फळी टाकायची. पोत्यावर तारीख आणि माल वाळवणारीचं नाव लिहायचं. दर पंधरा दिवसांनी एक पोतं उघडून वास घ्यायचा. कुबट वास आला तर ते पोतं लगेच बाजूला काढायचं.

गेल्या हंगामात आमचा माल 30 किलोच झाला, पण एकही पोतं परत आलं नाही. ज्या मैत्रिणीनं मिसळून देऊ म्हटलं होतं, तीच आता बरणीची परीक्षा घेते. तिनं नापास केलेला माल पोत्यात जात नाही, मग तो माझा का असेना.

मघाचं अळूचं पान अजून हातात असेल तर त्याच्या वड्या करा. पण त्याआधी घरातल्या पोरांना बोलवा, एकदा न चोळलेल्या जागी थेंब टाकून दाखवा, एकदा चोळलेल्या. आणि पुढच्या बैठकीत हा प्रयोग गटासमोर करा. मी तासभर बोलून जे समजणार नाही ते त्या एका थेंबानं समजतं.

तुमच्या गटानं पाला, भाजी, मिरची, काहीही वाळवलं असेल आणि काही बिघडलं असेल, तर आम्हाला कळवा. जमलं ते सगळेच सांगतात. बिघडलेलं सांगितलं तर दुसऱ्या गावच्या बायांचं कर्ज वाचतं.

येते मी. नमस्कार.